आधी बुडाचा फोटो पाठवा

तुम्ही अकरा फोटो पाठवलेत. घोडा समोरून, घोडा बाजूने, घोडा शोकेसमध्ये, एका फोटोत तर घोड्यापेक्षा सत्यनारायणाला आलेली मंडळीच जास्त. बुडाचा फोटो मात्र एकही नव्हता. चिनी मातीच्या मूर्तीचं तोंड नकलाकार जीव ओतून करतो, कारण गिऱ्हाईक तोंड बघतं. बुडाशी तो कंटाळतो. म्हणून मी तिन्ही वस्तू उलट्या करून फोटो मागितले. ते काल आले, आता बोलता येईल.

इतर वाचणाऱ्यांसाठी प्रश्न थोडक्यात सांगते. रत्नागिरीचं घर विकायला काढलंय. आजोबा १९६१ ते १९८४ मालवाहू बोटींवर होते. त्यांनी आणलेल्या तीन चिनी वस्तू आता तीन भावंडांत वाटायच्या आहेत: तपकिरी-हिरव्या-पिवळट रंगाचा ३१ सेंटीमीटर उंच घोडा, निळसर हिरव्या सिंहांची जोडी आणि हातभर दाढीचा, वीतभरही उंची नसलेला, मासे धरणारा म्हातारा. ओळखीतल्या एका गृहस्थांनी घोडा ‘तांग राजवटीचा’ ठरवून चाळीस लाखांचा आकडा फेकलाय. आत्या म्हणतात, सगळा बाजारातला माल आहे, कामवालीला देऊन टाका. कोण बरोबर?

दोघंही चूक, पण आत्या कमी चूक. घोडा नक्कल आहे. सिंह सजावटीचा माल आहे. म्हातारा मात्र कशाचीच नक्कल नाही, आणि त्याच्याबद्दल तुम्ही काहीच विचारलेलं नाही.

तीस वर्षं मी विम्यासाठी आणि वाटण्यांसाठी घरातल्या जुन्या वस्तूंची मूल्यं लिहून देते. ‘नक्कल आहे’ म्हटलं की समोरच्याचा चेहरा पडतो आणि पुढचं ऐकणं बंद होतं. खरं तर कामाला तिथूनच सुरुवात होते. कशाची नक्कल, कुणी केलेली, कुठे, केव्हा, आणि फसवायला केलेली की उघडपणे विकायला? या पाच प्रश्नांच्या उत्तरांवर नकलेची किंमत ठरते. ज्याची नक्कल केली त्याच्या किमतीशी तिचा संबंध नसतो. चाळीस लाखांचा आकडा असाच आला असणार: इंटरनेटवर कुणाच्या तरी अस्सल घोड्याची किंमत वाचली, फोटो जुळवला, संपलं.

आपल्या भाषेची एक अडचण आधी सांगते. आपण सगळ्याला ‘चिनी माती’ म्हणतो. त्यात तीन वेगळ्या जाती आहेत आणि तिन्ही आपल्या घरात असतात. पणती, लोणच्याची बरणी आणि कपबशी. पणती कमी आचेवर भाजलेली, सच्छिद्र, पाणी पिते. बरणी जास्त आचेची, घट्ट, जड, रंगाने मळकट. कपबशी, म्हणजे पोर्सेलीन, पांढरीशुभ्र, काचेच्या अंगाची, पातळ कडेला उजेड आरपार दाखवणारी. तुमचा घोडा पणतीच्या जातीचा, म्हातारा बरणीच्या आणि सिंह कपबशीच्या. हे रंगावरून कळत नाही. जिथे झिलई चढलेली नाही, म्हणजे बुडाशी, तिथे कळतं. ओलं बोट टेकवा. पणतीच्या जातीवर डाग लगेच आत जिरतो, कपबशीच्या जातीवर पाणी तसंच राहतं. तुमच्या दुसऱ्या खेपेच्या व्हिडिओत तुम्ही हे नीट केलंय, त्याबद्दल शाबासकी.

आता घोडा.

तांग राजवट इसवी सन ६१८ ते ९०७. त्या काळात मोठ्या माणसाला पुरताना थडग्यात मातीची माणसं, उंट, घोडे, रक्षक ठेवायची पद्धत होती. या वस्तू जिवंत माणसांच्या घरासाठी नव्हत्याच. त्यांच्यावरच्या रंगीत झिलईला चिनी भाषेत ‘सानत्साय’ म्हणतात, म्हणजे तीन रंग: लोखंडाच्या भस्माने येणारा मधाचा तपकिरी, तांब्याने येणारा हिरवा आणि पिवळट पांढरा. कधी कोबाल्टचा निळाही दिसतो, तो महाग असल्याने कमी. झिलईत शिसं असतं. त्यामुळे ती कमी आचेला वितळते आणि भट्टीत ओघळते. ते ओघळ हेच तिचं रूप. सगळ्यात चांगलं काम सातव्या शतकाच्या शेवटापासून आठव्याच्या मध्यापर्यंतचं. ७५५ मध्ये आन लूशान या सेनापतीचं बंड झालं, राजधान्या उद्ध्वस्त झाल्या आणि हा थाटही ओसरला. लंडनला कुणी नातेवाईक असतील तर ब्रिटिश म्युझियममध्ये ल्यू थिंगशुन नावाच्या सेनानीच्या थडग्यातल्या तेरा मूर्ती बघायला सांगा. तो ७२८ मध्ये वारला. त्यातल्या मोठ्या मूर्ती मीटरभर उंच आहेत. एकदा ते बघितलं की शोकेसमधला घोडा वेगळाच दिसायला लागतो.

पुढे हजारेक वर्षं हे सगळं जमिनीखाली राहिलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हनान प्रांतात लुओयांगजवळ रेल्वेमार्गाचं काम चालू होतं. शहराच्या उत्तरेला मांगशान टेकड्यांत जुनी थडगी खच्चून भरलेली, ती फुटली आणि रंगीत घोडे-उंट बाहेर पडले. पेकिंगच्या व्यापाऱ्यांनी ते उचलले, तिथून युरोप-अमेरिकेच्या संग्राहकांना चटक लागली. मागणी वाढली की पुरवठा येतोच. लुओयांगच्या परिसरातल्या कारागिरांनी आधी फुटलेल्या मूर्ती जोडायला घेतल्या, मग जोडता जोडता नव्या करायला. नानशिशान नावाचं गाव आजही याच कामावर जगतं. तिथे घराघरात भट्ट्या आहेत आणि अंगणात कच्चे घोडे वाळत असतात. त्यातले बहुतेक कारागीर नक्कल म्हणूनच विकतात. फसवाफसवी पुढच्या हातांत होते.

म्हणजे या नकलांनाही आता शंभर वर्षांचा इतिहास आहे. आपल्याकडचा १९७२ चा पुरावस्तू कायदा शंभर वर्षांपेक्षा जुन्या कलाकृतीला पुरावस्तू मानतो. तेव्हा १९२० च्या आसपास कुणा परदेशी साहेबाला गंडवायला केलेला खोटा तांग घोडा आज भारतात असेल, तर कायद्याने तो अस्सल पुरावस्तू. मला याची दर वेळी गंमत वाटते.

तुमचा घोडा तेवढाही जुना नाही. कशावरून, तर सांगते.

पोटाखालच्या भोकातून टॉर्च मारून तुम्ही आतला फोटो काढलाय, तो सगळ्यात कामाचा. आतला पृष्ठभाग गुळगुळीत आहे आणि बाहेरचा प्रत्येक उंचवटा आतून खळग्यासारखा दिसतो. सगळीकडे जाडी सारखी. याचा अर्थ पातळ मातीचा घोळ प्लास्टरच्या साच्यात ओतून हा घोडा केलाय. प्लास्टर पाणी शोषतं, कडेला मातीची सारखी साय धरते, उरलेला घोळ ओतून टाकतात. तांग काळातला कारागीर मातीची पोळी साच्यात हाताने थापायचा आणि दोन अर्धुकं जोडायचा. तुम्ही कोकणातले, तेव्हा एवढंच म्हणते की तुमचा घोडा घावन आहे आणि तांग घोडा थालीपीठ. थालीपीठावर बोटांचे ठसे राहतात, कुठे जाड कुठे पातळ होतं, जोडावर लिंपण दिसतं.

दुसरं, झिलई. शिशाच्या झिलईला शतकानुशतकं जमिनीत राहिल्यावर अतिशय बारीक भेगांचं जाळं येतं, काही ठिकाणी ती पापुद्र्याने सुटते, आणि कबुतराच्या मानेसारखी रुपेरी-जांभळी झाक चढते. तुमच्या घोड्यावर भेगा आहेत, पण मोठ्या, सुट्या, सगळ्या अंगावर सारख्या. आणि चकाकी नव्या पातेल्यासारखी. आम्ल लावून ती रुपेरी झाकही आणता येते, पण मग ती खोबणीत आणि उघड्या भागावर एकसारखी येते. तुमच्यावर तर तेवढे कष्टही कुणी घेतलेले नाहीत. हे मी घोड्याच्या बाजूने बोलतेय. फसवण्याचा इरादा नाही, हे त्यावरून दिसतं.

तिसरं, मागच्या उजव्या पायाच्या आतल्या बाजूला चौकोनी फिकट डाग आहे, कडेला गोंदाचा पिवळेपणा. तिथे दुकानाचं कागदी लेबल होतं. चौथं, खालच्या पाटीच्या चारही कडा सारख्याच घासलेल्या आणि ओरखडे एकाच दिशेचे. कपाटात सरकवून सरकवून झालेले ओरखडे जिथे वस्तू टेकते तिथेच आणि वाटेल त्या दिशेने असतात. एकाच दिशेचे ओरखडे म्हणजे पॉलिशपेपर. खडबडीत बूड कारखान्यातच घासून सपाट करतात, त्यात वावगं काही नाही.

मातीबद्दल तुम्ही लिहिलंय की खुरांत ‘जुनी माती’ अडकलीय. ती धूळ आहे, रत्नागिरीची. पण मातीवरून आठवलं. कामाच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी मी एका विक्रेत्याकडून मातीने लडबडलेली तांग नर्तकी स्वतःच्या पैशांनी घेतली होती. माती इतकी खरी, त्यात बारीक मुळंसुद्धा. घरी आणून मातीचा एक कोपरा कोमट पाण्यात भिजवला तर माती विरघळण्याऐवजी साय निघावी तशी एकसंध सुटली. गोंदात कालवून लावलेली. खालची झिलई ताजी टवटवीत. ती नर्तकी अजून माझ्या टेबलावर आहे, पेन ठेवायला बरी पडते. पुरलेल्या वस्तूवरची खरी माती दोन प्रकारची असते: एक सैल, जी पाण्याने जाते, आणि एक चुनखडीसारखी कडक, जी नखाने निघत नाही आणि झिलईच्या भेगांत शिरलेली असते. मधलं काही दिसलं की खिशावर हात ठेवावा.

‘प्रयोगशाळेत तपासून घेऊ का?’ असं तुमच्या भावाने विचारलंय. थर्मोल्युमिनेसन्स नावाची चाचणी असते. मातीतले खनिजकण आसपासच्या किरणोत्सारातून थोडी थोडी ऊर्जा साठवत राहतात. भट्टीत भाजलं की ती सगळी निघून जाते आणि साठा पुन्हा शून्यापासून सुरू होतो. बुडातून चिमूटभर भुकटी कोरून ती तापवली की साठलेली ऊर्जा प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडते. किती प्रकाश, त्यावरून शेवटचं भाजणं केव्हाचं याचा अंदाज. अंदाजच; त्यात वीस-पंचवीस टक्के इकडेतिकडे होतं. पण हजार वर्षांपूर्वीचं की पन्नास, हे नक्की कळतं. सानत्सायसाठी हीच चाचणी सगळ्यात जास्त मानली जाते. तिलाही फसवणारे आहेतच. जुन्या मातीचा तुकडा नेमका कोरायच्या जागी बसवतात, फुटक्या अस्सल पायांवर नवं धड चढवतात, कृत्रिम किरणोत्सार देतात. म्हणून एकाहून जास्त ठिकाणांहून भुकटी घ्यावी लागते आणि सर्टिफिकेटवरचा फोटो हातातल्या वस्तूशी ओघळ न् ओघळ जुळवून बघावा लागतो. तुमच्या घोड्यासाठी मात्र हा खर्च करू नका. चाचणीची फी घोड्याच्या किमतीच्या कितीतरी पट होईल.

आणि तो मोठा आकडा? १९८९ मध्ये ब्रिटिश रेल्वेच्या पेन्शन फंडाने गुंतवणूक म्हणून घेऊन ठेवलेला एक तांग घोडा लंडनच्या लिलावात तीस लाख पौंडांहून अधिक किमतीला गेला. हो, रेल्वे कामगारांच्या पेन्शनचे पैसे मातीच्या घोड्यात. त्या एका बातमीने जगभरच्या शोकेसमधल्या घोड्यांच्या मालकांची झोप उडवली. त्या घोड्याचा आकार, अवस्था, मालकीचा माग, सगळं निराळं. अस्सल पण छोट्या, मोडून जोडलेल्या, साध्या तांग मूर्तींना त्याच्या जवळपासही भाव मिळत नाही.

आजोबांच्या कागदांकडे वळते, कारण ते वस्तूंइतकेच महत्त्वाचे आहेत. तुम्ही लिहिलंय की त्यांचं सीडीसी, म्हणजे खलाशाचं नोंदपुस्तक, जपून ठेवलंय. ते सोन्यासारखं सांभाळा. कुठल्या बोटीवर केव्हा चढले, केव्हा उतरले, हे त्यात आहे. १९६२ च्या युद्धानंतर भारत-चीन व्यापार बंद पडला, तो १९७८ मध्ये पुन्हा सुरू झाला. मधल्या काळात भारतीय घरांत आलेल्या चिनी वस्तू बहुतेक हाँगकाँग किंवा सिंगापूरहून, बोटीवरच्या माणसाच्या ट्रंकेतून आलेल्या असतात. हाँगकाँगमध्ये चिनी मालाची मोठमोठी दुकानं होती. त्यातलं युए ह्वा १९५९ पासूनचं. रेशीम, औषधी मुळ्या, जेडच्या बांगड्या आणि वरच्या मजल्यावर नकली तांग घोडे, किमतीचं लेबल लावून, उघड उघड. तुमच्या घोड्याच्या पायावरच्या डागाशी हे जुळतं. नेमकं कुठलं दुकान ते मी लिहून देणार नाही, पण १९७० ते १९८४ या पट्ट्यातली, लुओयांग पद्धतीची, प्रामाणिकपणे विकलेली नक्कल, एवढं सही करून लिहीन.

सिंहांवर फार वेळ घालवत नाही. चिनी दारांवर असते तशी जोडी आहे, नराच्या पंजाखाली चेंडू, मादीच्या पंजाखाली पिल्लू. एकट्या सिंहाची किंमत जोडीच्या निम्मी नसते, खूप कमी असते, तेव्हा वाटणीत एक तुला एक मला करू नका. अंग पांढऱ्या पोर्सेलीनचं, जोडाची रेघ पोटावरून सरळ जाते आणि आयाळीचे कुरळे सगळे एकाच साच्यातले. बुडावर इंग्रजीत ‘मेड इन चायना’ छापलंय. नराचा डावा कान मोडून पुन्हा बसवलाय आणि वरून रंग दिलाय. अतिनील टॉर्चखाली तो कान बाकीच्या अंगापेक्षा वेगळा चमकेल, नोटा तपासायचा टॉर्चही चालेल. विसाव्या शतकाचा उत्तरार्ध. दिसायला छान आहेत, दारात ठेवा.

शिक्क्यांबद्दल मात्र थोडं सांगावंच लागेल, कारण लोक तिथेच फसतात. अमेरिकेने १८९० मध्ये कायदा करून आयात मालावर देशाचं नाव इंग्रजीत घालणं सक्तीचं केलं, तो १८९१ पासून अमलात आला. तेव्हा ‘चायना’ हा इंग्रजी शब्द दिसला की वस्तू त्याआधीची नाही, एवढं बहुतेक वेळा धरून चालता येतं. उलट मात्र खरं नाही. शब्द नाही म्हणजे जुनी, असं नसतं. लेबल पडतात, आणि अमेरिकेला न जाणाऱ्या मालावर शिक्का मारायची सक्ती नव्हतीच. बादशहांची नावं असलेले शिक्के तर आणखी बेभरवशाचे. खांगशी बादशहा १६६२ ते १७२२, छ्येनलुंग १७३६ ते १७९५. त्यांची नावं घातलेल्या वस्तू कालपरवापर्यंत बनताहेत. पूर्वजांना मान म्हणूनही ती नावं घालायची रीत होती, त्यामुळे असा प्रत्येक शिक्का लबाडीचाच असतो असंही नाही. फुच्येन प्रांतातल्या देहुआच्या पांढऱ्या क्वानयिन, म्हणजे करुणेच्या देवीच्या, मूर्तींच्या पाठीवर ह छाओत्सुंग या मिंग राजवटीतल्या कारागिराचा शिक्का दिसतो. तो दिसला की मी आधी ‘नाही’ म्हणते आणि मग बघायला घेते. काही वस्तूंवर लाखेचा तांबडा गोल ठिपका असतो. तो चीनच्या सरकारी तपासणीचा, अर्थ एवढाच की ही वस्तू देशाबाहेर न्यायला हरकत नाही. मौल्यवान असती तर हरकत घेतली असती! पण विक्रेते तो ठिपका मेडलसारखा दाखवतात.

आता म्हातारा. साडेचौदा सेंटीमीटरचा, निळा अंगरखा, मातकट पिवळी विजार. चेहरा, हात आणि पाय बिनझिलईचे, मातीच्याच तपकिरी रंगाचे. हा शिवानचा. क्वांगतुंग प्रांतात फोशान शहराजवळ शिवान आहे, तिथली नानफंग भट्टी मिंग काळात, सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला पेटली आणि अजून चालू आहे. डोंगराच्या उतारावर अजगरासारखी लांबच लांब पसरलेली, म्हणून तिला ड्रॅगन भट्टी म्हणतात. तिथली माती लोहयुक्त, काळपट, बरणीच्या जातीची. झिलई जाड असते आणि जाड झिलईखाली चेहऱ्याच्या सुरकुत्या बुजतात, म्हणून शिवानचा कारागीर कपड्यांना झिलई देतो आणि चेहरा उघडा ठेवतो. हे कळलं की तुम्ही त्या म्हाताऱ्याचा चेहरा पुन्हा बघाल.

असल्या छोट्या मूर्ती मुळात कुंडीतल्या खुज्या झाडांच्या देखाव्यासाठी करायचे: खडकावर मासेमार, पुलावर साधू, झाडाखाली पट खेळणारे दोघे. विसाव्या शतकात त्या परदेशी जाऊ लागल्या, अमेरिकेत माशांच्या टाकीतसुद्धा ठेवल्या गेल्या. तिथे त्यांना ‘मडमेन’, म्हणजे मातीची माणसं, म्हणतात आणि आजही त्या नावाने शोधल्या तर ढिगाने दिसतील. शोधताना विकत मागितलेली किंमत बघू नका, विकली गेलेली किंमत बघा. हे घोड्यालाही लागू.

तुमच्या म्हाताऱ्याच्या बुडावर ‘चायना’ एवढाच शब्द ओल्या मातीत दाबलेला आहे, छापलेला नाही. बोटं एकेक सुटी केलेली आहेत, टोपलीची वीण सुईसारख्या हत्याराने कोरलीय, अंगरख्याची कड चिमटीने वळवलीय. नंतरच्या मडमेनमध्ये हे सगळं साच्यात गुळगुळीत होऊन जातं, बोटांचा पंजा होतो, टोपलीची रेघ होते. पन्नाशीच्या दशकात शिवानमधल्या छोट्या कार्यशाळा एकत्र करून सरकारी कारखाने झाले, तेव्हापासून कारखान्याचे शिक्के आणि लेबलंही दिसू लागतात. माझा कल १९२० ते १९५० कडे आहे. म्हणजे आजोबा बोटीवर चढले तेव्हा तो आधीच जुना होता. त्यांनी तो कुठल्यातरी बंदरात जुन्या मालात उचलला असेल. आत्यांना विचारून बघा, ट्रंकेच्या गोष्टी बायकांच्या लक्षात असतात.

आणि म्हणूनच म्हटलं की तो नक्कल नाही. घोडा आठव्या शतकाचा असल्याचं सोंग आणतो, निदान आपल्या डोळ्यांत. म्हातारा त्याच्या काळात, त्याच्या भट्टीत, विकण्यासाठी केलेली सरळ वस्तू आहे. स्वस्त होता, पण कुणासारखा दिसायचा त्याला सोस नव्हता.

आकडे. मूल्य कशासाठी हवं त्यावर आकडा बदलतो. विम्यासाठी तशीच वस्तू पुन्हा दुकानातून आणायला किती लागतील ते बघतात. विकायला गेलात तर व्यापारी त्याचा नफा, भाडं आणि वर्षभर पडून राहण्याचा धोका वजा करून बोलतो. मुंबईच्या चोरबाजारात, मटन स्ट्रीटवर, दुकानातल्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याला घेतलं तर रागावू नका. वाटणीसाठी मी दोघांच्या मधला, एखाद्या जाणत्या गिऱ्हाइकाने घाई नसताना दिला असता असा भाव धरते. त्या हिशेबाने घोडा चार हजार, सिंहांची जोडी मोडक्या कानासकट साडेतीन हजार, म्हातारा पाच हजार. म्हाताऱ्याच्या हातातली काठी शाबूत असती तर थोडे जास्त. हे माझं मत आहे, फोटोंवरून दिलेलं. प्रत्यक्ष हातात घेतल्यावर पाचशे-हजार इकडेतिकडे होईल, चाळीस लाख होणार नाहीत.

साफसफाईची घाई करू नका. आपल्याकडे जुनं काही दिसलं की चिंच-लिंबू लावून घासायची खोड असते. पितळेला चालतं ते. शिशाच्या झिलईला आम्ल खातं, चकाकी जाऊन पांढुरकी होते आणि शिसं सुटून तुमच्या हाताला लागतं ते वेगळंच. घोडा कोरड्या मऊ ब्रशने झटका, बस. त्याच्या पाटीच्या खोबणीत कुणी सुपारी-बडीशेप ठेवत असेल, सतराव्या फोटोत तसं दिसतंय, तर आजपासून बंद करा. म्हाताऱ्याला पाणी चालेल, पण भिजत ठेवू नका. सिंहाच्या कानाला पाणीही नको, चिकटवलेलं आहे ते.

न्यू जर्सीच्या भावाला म्हातारा हवा असेल तर न्यायला हरकत नाही. माझ्या अंदाजाने तो शंभरीच्या आत आहे. पण माझ्या कालखंडाची सुरुवातीची बाजू शंभरी ओलांडते. विमानतळावर अधिकाऱ्याने अडवलं तर ‘आजोबांचा आहे’ हे उत्तर अडचण वाढवतं, कमी करत नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून पुरावस्तू नसल्याचा दाखला मिळतो. वस्तू तज्ज्ञ समितीला दाखवावी लागते, फोटो आणि अर्ज लागतो. प्रवासाच्या आदल्या आठवड्यात नव्हे, दोन-तीन महिने आधी करा. समितीने तो शंभरीच्या पलीकडचा ठरवला तर म्हातारा इथेच राहील आणि भावाला घोडा न्यावा लागेल.

म्हाताऱ्याच्या तुटलेल्या काठीचं सांगायचं राहिलं. डाव्या मुठीत आरपार भोक आहे, तिथे मुळात बांबूची काडी असायची आणि टोकाला दोरा. मूळ काठ्या क्वचितच टिकतात. आता तिथे खराट्याची काडी लाल गोंदाने चिकटवलेली दिसतेय. ती ओढू नका, अंगठ्याची कपची उडेल. कापसाचा बोळा कोमट पाण्यात भिजवून मुठीवर अर्धा तास ठेवा. गोंद विरघळणारा असेल तर काडी आपण होऊन सैल होईल. नाही झाली तर तशीच राहू द्या. सुटली, तर नवी काडी गोंद न लावता नुसती खोचा, आणि जुनी खराट्याची काडी फेकू नका. सीडीसीबरोबर पाकिटात ठेवा, ती आजोबांनीच लावली असणार.